फ्रेमवर्क निवडायचं कसं आणि निवडलेलं लिहून ठेवायचं कसं : गावातल्या कामासाठी क्रमवार पद्धत

"भाऊ, रिॲक्ट घेऊ का लाराव्हेल?" मेसेज एवढाच असतो. ही वेबवरची सिस्टिम बांधायच्या तयार साच्यांची, म्हणजे फ्रेमवर्कची नावं. काम काय, वापरणार कोण, सर्व्हर कुठे, पुढच्या हंगामात बघणार कोण, यातल्या एकाचाही पत्ता नसतो. अशा प्रश्नाला उत्तर देणारे भरपूर भेटतात आणि जो तो आपल्या आवडीचं नाव सांगून मोकळा होतो. मग दिवाळीपर्यंत व्हिडिओ बघणं चालतं, सोयाबीन काट्यावर येतं आणि खरेदी केंद्रावर शेवटी वहीच उघडावी लागते.

खालची पद्धत एकच उदाहरण धरून सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचं सोयाबीन घेते, काटापट्टी (वजनाची पावती) फाडते, नंतर पैसे देते. हे काम वहीतून वेबवर आणायचं आहे. निवड आणि लिखाण मी वेगळं ठेवलेलं नाही. अमुकच फ्रेमवर्क का घेतलं हे पानभर साध्या मराठीत लिहिता येत नसेल, तर ते अजून निवडलेलंच नाही असं धरा.

टप्पा १ : संगणक बंद ठेवा, काट्यावर जाऊन बसा

बहुतेक जण इथेच घाई करतात. कंपनीच्या अध्यक्षाने ऑफिसात सांगितलेलं काम आणि काट्यावर खरं होणारं काम यांत फरक असतो. एक भरलेली काटापट्टी मागून घ्या आणि तिच्यावरचा रकाना न् रकाना कागदावर उतरवा: पट्टी क्रमांक, तारीख, सभासदाचं नाव, गाव, कट्टे किती, एकूण वजन, बारदाना वजा, निव्वळ वजन, ओलावा, भाव, हमाली, रक्कम, सही.

मग काट्यावरच्या माणसाला हे चार प्रश्न विचारा.

पट्टी चुकली तर काय करता? तो सांगेल की आडवी रेघ मारतो, सही करतो, नवी फाडतो. जुनी फेकत नाही. म्हणजे तुमच्या सिस्टिममध्ये "डिलीट" बटण नको, "रद्द" हवं, आणि कोणी कधी रद्द केलं याची नोंद हवी.

एकाच नावाचे दोघे आले तर कसे ओळखता? वडिलांच्या नावावरून, कधी गट नंबरवरून. मोबाइल नंबर ही सभासदाची ओळख मानायची हौस इथेच संपते, कारण घरात फोन एक आणि त्या घरातले सभासद दोन.

लाइन गेली तर? कागदावर लिहितो, मग चढवतो. म्हणजे मागची तारीख टाकायची सोय लागणार.

नियम कोणता बदलतो? या प्रश्नावर थांबा. २०२४च्या खरिपात सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादा ऐन हंगामात १५ टक्क्यांवर नेली होती. असा आकडा कोडच्या आत लिहून ठेवला तर त्या दिवशी प्रोग्रामर शोधत फिरावं लागतं. भाव, ओलावा, हमालीचा दर हे सगळं ऑफिसमधल्या माणसाला स्क्रीनवरून बदलता आलं पाहिजे, आणि जुन्या पट्ट्यांवर जुनाच दर राहिला पाहिजे.

तपासणी: लिहिलेला कागद त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. "असं नाही राहत ना भाऊ" असं तो म्हणाला, की ती ओळ खोडा आणि त्याच्या शब्दांत पुन्हा लिहा. तो नुसती मान डोलवत असेल तर कागद फार सोपा झाला आहे, काहीतरी सुटलं आहे.

टप्पा २ : फ्रेमवर्क लागतंच का, ते ठरवा

फक्त माहिती दाखवायची असेल, म्हणजे कंपनीचा पत्ता, संचालकांची नावं, खरेदीची वेळ, तर साधी एचटीएमएल पानं किंवा वर्डप्रेस भरपूर झालं. एकच माणूस आठवड्यातून एकदा यादी भरत असेल तर स्प्रेडशीटमध्येच ठेवा. अनेक जण एकाच नोंदींवर लिहिणार, लॉगिन लागणार, हिशेब होणार, कोणी काय बदललं हे नंतर कोणी विचारणार, अशा ठिकाणी फ्रेमवर्क कामाला येतं. आपलं उदाहरण तसंच आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रिॲक्ट ब्राउझरमध्ये स्क्रीन तयार करतं. नोंद साठवणं, लॉगिन तपासणं, हिशेब करणं ही सर्व्हरची कामं लाराव्हेल (पीएचपी भाषेतलं), जँगो (पायथनमधलं), रेल्स किंवा एक्स्प्रेस (नोडवरचं) करतात. त्यामुळे "रिॲक्ट का लाराव्हेल" ही जोडीच जुळत नाही. रिॲक्ट घेतलं तरी मागचं काम कशावर करायचं हा प्रश्न उरतोच. काटापट्टीसारख्या कामाला सर्व्हरने तयार केलेली साधी पानं आणि त्यावर जरुरीपुरतं जावास्क्रिप्ट पुरतं.

सावधान: नोकरीसाठी शिकणं वेगळं आणि कंपनीचा हिशेब लिहिणं वेगळं. पुण्यात किंवा नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी बघायची म्हणून रिॲक्ट शिकायचं असेल तर खुशाल शिका, पण ते शिकणं सभासदांच्या पैशावर नको.

टप्पा ३ : अडचणी आधी मांडा, नावं नंतर

सांभाळणारा कोण? माझ्या लेखी निम्म्याहून जास्त वजन या एका प्रश्नाला आहे. सिस्टिम बांधणारा पोरगा बीसीए किंवा इंजिनिअरिंग संपवून जूनमध्ये पुण्याला जातो. जाताना "फोन करा, सांगतो" म्हणतो आणि दिवाळीपर्यंत खरंच सांगतोही. त्यानंतर तालुक्याच्या ठिकाणी हे काम हातात घेणारा कोण मिळेल, ते आजच विचारून ठेवा. पीएचपी येणारे दोन जण मिळत असतील आणि पायथनवाला एकही नसेल तर तसं लिहा. तुमची आवड इथे मोजायची नाही.

सर्व्हर कुठे? स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे) पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस तयार मिळतं. पायथन किंवा नोड तिथे नसतं, नाहीतर आडवळणाने चालवावं लागतं. स्वतःचा व्हर्च्युअल सर्व्हर घेतला तर अपडेट, बॅकअप, बंद पडल्यावर चालू करणं हे सगळं तुमच्याच गळ्यात पडतं. लाराव्हेल घेणाऱ्यांनीही पैसे भरण्याआधी पीएचपीची कोणती आवृत्ती आहे आणि टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) वापरता येतं का, एवढं विचारावं. पीएचपी ७.४ची मुदत नोव्हेंबर २०२२मध्येच संपली, तरी काही होस्टिंगवर ते अजून दिसतं.

मुदत किती? जँगोची ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२५मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. लाराव्हेलची नवी मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येकीला दोन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. अँग्युलरजेएस या जुन्या फ्रेमवर्कची मुदत ३१ डिसेंबर २०२१ला संपली. ज्या "क्रिएट रिॲक्ट ॲप"ने शेकडो व्हिडिओंची सुरुवात होते, ते नव्या कामासाठी वापरू नका असं रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं. व्हिडिओची तारीख बघितल्याशिवाय त्यातली एकही कमांड चालवू नका.

फोन आणि नेटवर्क यांची परीक्षा पुढच्या टप्प्यात होईल. इथपर्यंतचं लिहून झालं की दोनच नावं उरवा. आपल्या उदाहरणात लाराव्हेल आणि जँगो उरतात.

टप्पा ४ : एकच छोटं काम दोन्हींत करून बघा

काम एवढंच: एक काटापट्टी भरायची, साठवायची, यादीत दिसली पाहिजे, रद्द करता आली पाहिजे, छापता आली पाहिजे. लॉगिन नको, डॅशबोर्ड नको, लोगो तर नकोच. प्रत्येक फ्रेमवर्कला दोन दिवस द्या. दोन दिवसांत एवढंही उभं राहिलं नाही तर तीच नोंद निकाल म्हणून लिहून ठेवा.

उभं राहिलं की या परीक्षा घ्या. त्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाहीत, म्हणून जरा खोलात सांगतो.

*मराठी आकडे.* काट्यावरचा माणूस मराठी कीबोर्डवरून "१२" टाकेल. पायथन तो आकडा समजून घेतो. पीएचपीमध्ये तोच मजकूर थेट पूर्णांकात बदलला तर मुकाट्याने ० होतो, आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन "आकडा नाही" म्हणतं. लाराव्हेलची तपासणी लावली असेल तर निदान चूक दाखवली जाते. नसेल तर बारा क्विंटल माल शून्य होऊन बसतो. सर्व्हरवर पोचताच मराठी आकडे बदलून घेणारं एक छोटं फंक्शन लिहा. सगळीकडे तेच वापरा.

*मराठी नावांचे दुवे.* जँगोचं स्लगीफाय फंक्शन (नावावरून दुव्याचा मजकूर बनवणारं) मराठी अक्षरं सरळ गाळून टाकतं. त्यातला "अलाऊ युनिकोड" पर्याय चालू केला तर अक्षरं राहतात, पण काना-मात्रा-वेलांट्या जातात: "कापूस"चं "कपस" होतं, "विहीर"चं "वहर". पायथनच्या रेगुलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधायच्या नमुन्यांत) मात्रा ही अक्षर म्हणून धरलीच जात नाही, म्हणून हे होतं. यावर डोकं शिणवू नका. दुव्यात नाव टाकायचंच नाही, पट्टी क्रमांक टाकायचा.

*लांबी.* "क्षेत्र" हा शब्द आपल्याला दोन अक्षरी दिसतो. जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ मोजतं, आणि पीएचपीचं साधं स्ट्रलेन २१, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं असतं. नावाला २० ची मर्यादा घातली की अर्ध्या गावाची नावं तुटतात.

*छपाई.* चांगली चाललेली कामं इथे अडकतात. पीएचपीकडच्या डॉमपीडीएफने काटापट्टीचा पीडीएफ काढला तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते आणि जोडाक्षरं फुटतात. एमपीडीएफ किंवा पायथनकडचं वीझीप्रिंट देवनागरी नीट मांडतं. सगळ्यात सोपं म्हणजे छपाईसाठी वेगळं पान बनवा आणि ब्राउझरमधूनच प्रिंट द्या. चाचणीला "नितीन", "कृष्णराव", "श्रीक्षेत्र" असली नावं घ्या. "राम" घेऊन चाचणी होत नाही.

*जुना डेटा.* ऑफिसातली सभासद यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर ती मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हं असतात. आधी युनिकोडमध्ये बदला, नावं डोळ्यांखालून घाला, मगच चढवा.

*पैसा.* १२.३५ क्विंटल गुणिले ५,३२८ रुपये म्हणजे ६५,८०० रुपये ८० पैसे. (२०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आहे.) रक्कम आणि वजन डेसिमल (नेमका दशांश) प्रकारात साठवा, फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश) नाही. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि शेकडो पट्ट्यांची बेरीज वहीशी जुळेनाशी होते. पैशाचा फरक सभासदाला दिसला की तो सिस्टिमवर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

*रेंज जाणं.* ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम हळू करा आणि "जतन" दाबा. काहीच हललं नाही की माणूस पुन्हा दाबतो. मग पुन्हा. एका गाडीच्या तीन पट्ट्या झाल्या का, ते बघा. उपाय असा: फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक डेटाबेसमध्ये दुसऱ्यांदा घेऊ नका. नेट पूर्ण बंद करून भरलेला फॉर्म टिकतो का, तेही बघा. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये मसुदा ठेवला तरी बरंच काम भागतं. पूर्ण ऑफलाइन चालवायचं तर सर्व्हिस वर्कर (नेट नसताना पान चालवणारा ब्राउझरमधला छोटा प्रोग्राम) लागतो, आणि खऱ्या सर्व्हरवर तो एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीशिवाय चालत नाही.

तपासणी: ही सगळी चाचणी तुमच्या लॅपटॉपवर नको. केंद्रावरचा जो सगळ्यात जुना फोन आहे तो घ्या, उन्हात उभे राहा आणि एक पट्टी भरा. पांढऱ्यावर करड्या अक्षरांचा सोस तिथेच उतरतो.

टप्पा ५ : निर्णय एका पानावर लिहा

पान लांबवू नका. नमुना:

"काम: सोयाबीन खरेदीच्या काटापट्ट्या आणि सभासदांचा हिशेब. घेतलं: लाराव्हेल. कारण: होस्टिंगवर पीएचपी आहे, तालुक्यात पीएचपी येणारे दोघे आहेत. घेतलं नाही: जँगो. त्याचं तयार ॲडमिन पान चांगलं आहे, दर बदलायचं काम त्यात लवकर झालं असतं, पण सांभाळायला माणूस नाही. तोटा माहीत आहे: दर बदलायचं पान स्वतः बनवावं लागेल. पुन्हा विचार कधी: आवृत्तीची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी."

"घेतलं नाही" आणि "तोटा" या ओळी सगळे गाळतात. पुढच्या वर्षी नवा माणूस येऊन "हे जँगोत का नाही केलं" म्हणेल तेव्हा याच ओळी कामी येतील. तुमच्या गावात पायथनवाला असेल आणि व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळायची तयारी असेल, तर याच पानावर जँगो येईल. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

टप्पा ६ : दुसऱ्याला चालवता येईल अशी माहिती लिहा

आधी तयारीची यादी: कोणती सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणते पासवर्ड कोणाकडून मागायचे. (पासवर्ड स्वतः त्या कागदात लिहायचे नाहीत.) मग पायऱ्या. एका पायरीत एकच कृती, आणि लगेच खाली "आता स्क्रीनवर हे दिसेल".

असं लिहू नका: "डेटाबेस सेट करून मायग्रेशन वगैरे रन करून घ्यावे." मायग्रेशन म्हणजे कोडवरून डेटाबेसातली टेबलं बनवणं. यात तीन कामं आहेत आणि "वगैरे"मध्ये चौथं लपलं आहे.

असं लिहा: "४. काटापट्टी नावाचा रिकामा डेटाबेस तयार करा. कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ एमबी-४ निवडा. ५. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. ६. मायग्रेशनची कमांड चालवा. प्रत्येक मायग्रेशनच्या नावापुढे 'डन' दिसेल. 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं तर पायरी ३मधला पासवर्ड तपासा."

सूचना धोक्याच्या आधी येते, नंतर नाही. लाराव्हेलची "मायग्रेट फ्रेश" ही कमांड सगळी टेबलं पुसून नव्याने बनवते. शिकताना ती रोज वापरली जाते, म्हणून बोटांना सवय लागते. "ही कमांड खऱ्या सर्व्हरवर चालवायची नाही" हे वाक्य त्या पायरीच्या वर, ठळक अक्षरांत असावं. वाचणारा आधी कमांड चालवतो, मग पुढची ओळ वाचतो.

कमांड फोटोत देऊ नका, मजकूर म्हणून द्या. आणि त्या व्हॉट्सॲपवर किंवा वर्डमध्ये ठेवू नका. व्हॉट्सॲप तारांकन आणि अंडरस्कोअर ही अक्षरं ठळक-तिरकी करायची खूण समजून खाऊन टाकतं. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि दोन हायफनचा एक लांब डॅश करतं. कमांड दिसायला तीच असते, चालत मात्र नाही. साधी टेक्स्ट फाइल करा आणि ती कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

"फक्त", "सोपं आहे", "नेहमीप्रमाणे" हे शब्द शोधून काढून टाका. ज्याला जमत नाही त्याला ते टोचतात, ज्याला जमतं त्याला लागत नाहीत.

टप्पा ७ : कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

तुमचा लॅपटॉप नको, दुसरा घ्या. ज्याने हे काम पाहिलेलं नाही त्याला कागद द्या आणि मागे बसा. तो अडला की सांगायची हुक्की येईल. सांगू नका, पायरीचा क्रमांक टिपा. त्याने कपाळाला हात लावला तरी टिपाच. नंतर फक्त त्याच पायऱ्या नव्याने लिहा आणि तिसऱ्या माणसाला द्या.

याच बैठकीत बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करून बघा. बॅकअप फाइल आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती उघडते का आणि कालची शेवटची पट्टी तिच्यात आहे का, ते बघायचं.

टप्पा ८ : अडल्यावर प्रश्न लिहा

"एरर येऊन राहिली, मदत करा" आणि सोबत स्क्रीनचा वाकडा फोटो. याला कोणी काय सांगणार? प्रश्नात पाच गोष्टी या क्रमाने द्या: काय करायचं होतं, नेमकं काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं (एररचा पूर्ण मजकूर, अक्षरशः), आणि आवृत्त्या. बरं चाललेलं कधी बिघडलं आणि त्याआधी शेवटचं काय बदललं, हे सहाव्या ओळीत टाका.

"लाराव्हेलमध्ये वजन साठवतो. १२.३५ टाकलं तर १२ साठतं. कोणतीही एरर येत नाही. रकान्याचा प्रकार काल इंटिजर (पूर्णांक) केला होता." एवढं लिहिता लिहिता बऱ्याचदा उत्तर समोर येतं, आणि मेसेज पाठवायची वेळच येत नाही. तरीही तो प्रश्न आणि त्याचा उपाय, तारीख टाकून, टप्पा ६मधल्या फाइलच्या शेवटी चढवा. पुढच्या हंगामात तीच एरर दुसऱ्या कोणाला तरी येणार आहे.